शेल्फ क्रमांक नऊ

हर्णै बंदरावरच्या आमच्या वाचनालयात
शेल्फ क्रमांक नऊवर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे:
'शास्त्र, व्यवहार, खेळ व इतर'.
इतर म्हणजे मधमाश्या, टाइपरायटिंग,
आणि दोरीच्या गाठींवर एक पुस्तक होतं,
ते कुणी नेलं ते नेलंच.

कमिटीचा ठराव आलाय:
कालबाह्य पुस्तकं काढा, जागा करा.
कादंबरीला वय नसतं, पण ही माहितीची पुस्तकं
मासळीसारखी, असं अध्यक्ष म्हणाले.
ते स्वतः फक्त पेपर वाचतात,
तोही उभ्याने.

मी फतकल मारून बसले, कसर झटकत.

हे प्रोग्रामिंगचं.
मागच्या पुठ्ठ्याला सीडीचं पाकीट, सीडी नाही.
ती मुनाफ सारंगच्या परसात पपईला टांगलेली,
कावळ्यांसाठी.
मुनाफकडे कम्प्युटर नव्हता. वही होती.
डाव्या पानावर आज्ञा लिहायचा,
उजव्या पानावर स्वतःच यंत्र होऊन
एकेक ओळ पाळायचा, जीभ दातात धरून.
लूप म्हणजे काय रे, मी विचारलं एकदा.
म्हणाला, लिलाव, मॅडम.
टोपलीत मासा आहे तोवर बोली, संपला की घरी.
आणि मासा उचलायलाच विसरलास तर?
तो खूप वेळ गप्प बसला.
मग बोली चालूच राहील, म्हणाला,
रात्रभर. भरती येईल, लोक गुडघाभर पाण्यात,
तरी चालूच.

पान अठ्ठ्याऐंशी, पेन्सिलीनं:
'इथे अर्धविराम राहिलाय. छापणाऱ्याची चूक.'
अकरा वर्षांत दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती.

गुंतवणुकीच्या पुस्तकाला सुकटीचा वास येतो,
व्याजाच्या तक्त्यापाशी जास्त.
'सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका,' लेखक सांगतो.
समासात हिरा पावसेचं अक्षर, शाळेतलं, टोकदार:
'आमाला दर्या एकच.'
त्याखाली, वेगळ्या शाईत, पुढच्या जूनची तारीख,
बंदी लागून होड्या वर ओढल्या त्या आठवड्यातली,
आणि फक्त एवढंच:
'पाच हजार. पोस्टात.'

आता हे.
पोहण्याचं, आकृत्यांसकट.
कार्डावर एकच नाव, लागोपाठ सात वेळा:
दामोदर तांडेल.
चव्वेचाळीस वर्षं दर्यावर. वारं नाकानं ओळखणारा.
पुस्तक पेपरात गुंडाळून न्यायचा,
जसं काही मी त्याला दारू देतेय.
नातवाला हवंय, म्हणाला.
नातू तेव्हा तीन महिन्यांचा.

मला माहीत होतं. बंदरावर सगळ्यांनाच माहीत असतं:
होडीवरचे अर्धे लोक पोहत नाहीत.
पडला तर लवकर सुटावा, असं जुनी माणसं म्हणतात,
आणि पुढे कुणी विचारत नाही.

त्याची बायको लोणच्याच्या कैऱ्या आणायला आली तेव्हा
पदर तोंडावर धरून हसली:
पहाटे घमेल्यात तोंड घालतो, बाय,
नि बुडबुडे काढतो. मी म्हटलं, याला झालं काय?
(प्रकरण दुसरं. श्वास पाण्यात सोडणे.)

मे महिन्यात पुस्तक परत आलं
फुगून, पुरीसारखं.
पान एकतीस इतरांपेक्षा जाड:
'शरीर सैल सोडा. मान मागे. पाणी तुम्हाला धरील.'
तिथे शिवणीत वाळू.

भिजवल्याबद्दल दंड पाच रुपये, मी म्हटलं.
दहाची नोट ठेवली त्यानं.
सुट्टे राहू देत. पुन्हा न्यायचंय.
अजून पालथा जमतो. उताणा होत नाही.
वर आभाळ दिसलं की भीती वाटते.

यादीचा कागद कोराच आहे.
सोमवारी मीटिंग.
पेपरांचे सहा गठ्ठे लिहावेत म्हणते,
आणि अध्यक्षांची खुर्ची, ती तशीही लंगडी.
पान एकतीसवरची वाळू
मी झाडलेली नाही.